सहा मिलिमीटरचा आळ

शारजातील अल मजाज भागात, खालिद लगूनच्या काठच्या एका जुन्या इमारतीत मोटारींच्या सुट्या भागांची एक पेढी होती. गोदाम इंडस्ट्रियल एरियात होते आणि हिशेबाचे कार्यालय इथे. कारभार पाहत ते सांगलीकडचे एक ज्येष्ठ हिशेबनीस. सगळे त्यांना अण्णा म्हणत. माणूस कडक, पण व्यवहारात स्वच्छ. त्यांच्या वहीतला आकडा कोणी दुसऱ्यांदा मोजत नसे.

पेढीचा धंदा उधारीवर चाले. गॅरेजवाले महिनाभर क्लच प्लेट, ब्रेक पॅड, रेडिएटर असा माल उचलत आणि महिना संपला की पेढी प्रत्येकाला खातेउतारा पाठवी. उतारा लेटरहेडवर छापला जाई, त्यावर पेढीचा शिक्का आणि अण्णांची सही होई, आणि राजापूरचा एक तरुण ऑफिस बॉय तो गॅरेजात नेऊन देई. गॅरेजवाला नोंदी तपासून पुढच्या तारखेचा चेक लिही. म्हणजे सगळा व्यवहार त्या एका कागदावर उभा असे. फोनवर बोललेले विसरले जाते. शिक्क्याचा कागद मात्र फायलीत राहतो.

हिशेब मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये ठेवलेला होता. नोंदी चोख होत्या, पण छपाईत एक खोड होती. उताऱ्याचे एक पान छापले की मागोमाग एक कोरे पान बाहेर पडे. मग पुन्हा एक छापलेले, पुन्हा एक कोरे. शंभर पानांच्या उताऱ्यांना दोनशे लेटरहेड लागत.

सुरुवातीला अण्णांनी प्रिंटर दुरुस्तीला दिला. नंतर नवा घेतला. नव्या प्रिंटरनेही तेच केले. शेवटी त्यांनी एक सोपी वाट काढली. महिनाअखेरीस राजापूरचा मुलगा छापलेल्या गठ्ठ्यापुढे बसे आणि एकाआड एक पान उपसून बाजूला टाकी. असे महिन्यामागून महिने गेले. पुढे ती खोड आहे हेही कोणाच्या लक्षात राहिले नाही. पाने उपसणे हे त्या मुलाच्या कामांपैकी एक काम होऊन बसले, चहा आणणे आणि बँकेत चेक भरणे यांच्यासारखेच.

मग पेढीत एक नवी सहायक आली. पुण्याची मुलगी, नवऱ्याच्या नोकरीमुळे शारजात आलेली. महिनाअखेरीस तिने तो पाने उपसण्याचा सोहळा पाहिला आणि विचारले, “अण्णा, ही कोरी पानं का येतात?”

“येतात. पहिल्यापासून येतात.”

“कधीपासून?”

अण्णांनी आठवून पाहिले. “व्हॅट आला ना, १ जानेवारी २०१८ ला, तेव्हा उताऱ्यात पाच टक्के कराचा रकाना घालून घेतला. एका ओळखीच्याने घरी बसून करून पाठवलं होतं. तेव्हापासून असेल. पण त्याचं काय एवढं? काढून टाकायची. तू आपली बिलं चढव.”

ती गप्प बसली. नवीन माणसाने जुन्या रीतीला हात घालू नये, असे तिलाही वाटले.

पुढच्या महिनाअखेरीस छपाई चालू असताना प्रिंटरमध्ये कागद अडकला. मुलाने तो ओढून काढला, फाटलेले पान पुन्हा छापले आणि काम पुढे चालू झाले. पण त्या एका जादा पानामुळे एकाआड एकचा हिशेब चुकला. थोड्या पानांनंतर मुलाच्या लक्षात आले की आपण भरलेली पाने उपसतो आहोत. ती त्याने परत जागेवर ठेवली आणि पुढची पाने नजरेने निवडू लागला. लेटरहेडवर पेढीचे नाव वर छापलेलेच असते, त्यामुळे संध्याकाळच्या घाईत कोरे पान आणि एका ओळीचे पान यांत फारसा फरक दिसत नाही. त्याने गठ्ठा लावला, शिक्के मारले, अण्णांनी सह्या केल्या आणि दुसऱ्या दिवशी उतारे वाटले गेले.

दोन दिवसांनी केरळचे एक गॅरेजवाले कार्यालयात आले. वयस्क गृहस्थ. सगळे त्यांना इक्का म्हणत. पेढीचे जुने गिऱ्हाईक, ज्यांचा चेक कधी परत गेला नव्हता असे. त्यांनी उतारा टेबलावर ठेवला आणि शांतपणे म्हणाले, “मी क्लचचा माल परत पाठवला होता. तुमच्याच माणसाने पोच दिली आहे. उताऱ्यात तो वजा दिसत नाही. शेवटची बाकी चौदा हजार तीनशे पन्नास दिरहॅम लिहिली आहे.”

अण्णांनी संगणकावर खाते उघडले. परत आलेला माल नोंदलेला होता. ३,००० दिरहॅम आणि त्यावरचा पाच टक्के कर १५०, म्हणजे ३,१५० वजा. खरी बाकी ११,२०० होती. म्हणजे नोंद होती, हिशेब बरोबर होता, फक्त कागदावर ती ओळ नव्हती.

“इक्का, आमच्याकडे नोंद आहे,” अण्णा म्हणाले.

“असेल. पण मला तुमचा संगणक दिसत नाही, कागद दिसतो. माझ्या मुलाने हा कागद पाहिला. तो म्हणाला, परत केलेल्या मालाचे पैसे हे लोक गिळतात. मी त्याला नाही म्हटलं. पण त्याला दाखवायला माझ्या हातात काय होतं?”

इक्का गेले. अण्णांचा चेहरा उतरला होता. इतक्या वर्षांत त्यांच्या सहीच्या कागदावर असा ठपका आला नव्हता. त्यांनी मुलाला बोलावले आणि सगळा राग त्याच्यावर काढला. “डोळे कुठे होते तुझे? एक काम दिलं, कोरी पानं काढायचं, तेही जमत नाही? मालकांना मी काय सांगू?”

मुलगा मान खाली घालून उभा राहिला. पाने त्यानेच उपसली होती, हे खरे होते. पण ती उपसायची वेळ त्याच्यावर का आली, हे विचारण्याची त्याची पायरी नव्हती.

ती मुलगी उठली. “अण्णा, मला एक तास द्या. आणि टाकून दिलेली पानं कुठे आहेत?”

“आता काय शोधणार? झालं ते झालं.”

“ज्याला तुम्ही बोललात त्याची चूक किती आणि आपली किती, एवढं तरी कळू दे.”

अण्णा काही बोलले नाहीत. मुलाने कपाटाखालून पानांचा गठ्ठा काढून दिला.

गठ्ठ्यात इक्कांचे हरवलेले पान होते. त्यावर एकच नोंद आणि खाली एकूण बाकी. वर ग्राहकाचे नाव नाही, रकान्यांचे मथळे नाहीत, पानाचा क्रमांक नाही. कोणी ते पान जपून ठेवले असते, तरी ते कोणाचे हे त्याला सांगता आले नसते. तिने ते बाजूला ठेवले आणि कोरी पाने उजेडाकडे धरून पाहू लागली. प्रत्येक पानावर, लेटरहेडच्या छापील नावाखाली, डाव्या समासालगत एक बारीकशी आडवी काडी होती. सगळ्या पानांवर एकाच जागी.

“अण्णा, ही पानं कोरी नाहीत,” ती म्हणाली.

मग ती क्रमाने निघाली. पहिला प्रश्न असा होता की दोष प्रिंटरमध्ये आहे की त्याच्या आधी. तिने तोच उतारा छापण्याऐवजी प्रिंट प्रीव्ह्यूमध्ये उघडला. पडद्यावरही प्रत्येक छापील पानामागे एक कोरे पान दिसले. पीडीएफ काढली, तिच्यातही तेच. म्हणजे प्रिंटरपर्यंत पोचण्याआधीच पाने कोरी होत होती. अण्णांनी प्रिंटर बदलला होता तो व्यर्थच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असेच ते झाले होते.

दुसरा प्रश्न मापाचा. तिने पट्टी घेऊन त्या काडीची लांबी मोजली. जवळजवळ सहा मिलिमीटर. मग उताऱ्याचा रिपोर्ट, म्हणजे ॲक्सेसमधला त्याचा छपाईचा आराखडा, डिझाइन व्ह्यूमध्ये उघडला आणि कागदावर तीन आकडे लिहिले: रिपोर्टची रुंदी १९.०५ सेंटिमीटर, डावा समास १.२७, उजवा समास १.२७. बेरीज २१.५९ सेंटिमीटर. आणि प्रिंटरमधला ए४ कागद २१ सेंटिमीटर रुंद. मजकूर आणि समास मिळून कागदापेक्षा ५.९ मिलिमीटर जास्त रुंद होते.

“जो भाग एका पानावर मावत नाही, तो टाकून द्यायचा नाही, असा रिपोर्टचा नियम असतो,” तिने समजावले. “उजवीकडे उरलेल्या पट्टीसाठी तो नवं पान घेतो. आपलं प्रत्येक कोरं पान म्हणजे आधीच्या पानाची उजवीकडची सहा मिलिमीटरची पट्टी आहे. त्या पट्टीत आकडे नाहीत, फक्त वरच्या रेघेचं टोक आहे. तीच ही काडी.”

“पण २१.५९ हा आकडा आला कुठून? असला कागद तर आपल्याकडे नाही.”

“आपल्याकडे नाही, अमेरिकेत आहे.”

अमेरिका आणि कॅनडात कार्यालयांत लेटर मापाचा कागद चालतो, साडेआठ इंच रुंद आणि अकरा इंच उंच. म्हणजे २१५.९ बाय २७९.४ मिलिमीटर. बाकी बहुतेक जगात, भारतात आणि अमिरातीतही, ए४ चालतो, २१० बाय २९७. ए मालिकेचा पाया १९२२ साली जर्मनीत घातला गेला आणि १९७५ मध्ये ती आयएसओ २१६ या नावाने आंतरराष्ट्रीय मानक झाली. दोन्ही कागद हातात घेतले तर पटकन फरक कळत नाही. लेटर जरा रुंद, ए४ जरा उंच. ज्याने २०१८ मध्ये कराचा रकाना बसवून दिला त्याच्या संगणकावर कागदाचे माप लेटर ठेवलेले होते. त्याने मजकूर आणि समास मिळून बरोबर साडेआठ इंच केले. त्याच्या पडद्यावर पान नेमके बसले. त्याचे काम त्याच्या कागदाला बरोबर होते. फक्त ते अल मजाजमध्ये ए४ वर छापले जाणार आहे, हे कोणी त्याला सांगितले नाही आणि त्याने विचारले नाही.

“मग प्रोग्रॅमने सावध का नाही केलं?” अण्णांनी विचारले. आता ते खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले होते.

“जादा पट्टी अगदी रिकामी असती तर केलं असतं. रुंदी पानापेक्षा जास्त आहे, काही पानं कोरी येतील, असा इशारा ॲक्सेस देतं. पण आपल्या पट्टीत रेघेचं टोक आहे. प्रोग्रॅमला वाटलं, ते मुद्दाम ठेवलंय.”

तिने रिपोर्टची उजवी कड माउसने आत ओढून पाहिली. कड हलेना. जी वस्तू सर्वांत उजवीकडे असते तिच्या आत कड जात नाही, आणि इथे पानाच्या माथ्यावरची ती सजावटीची रेघ अगदी टोकापर्यंत पोचली होती. तिने आधी रेघ आखूड केली, मग कड आत घेतली आणि रुंदी १८.४ सेंटिमीटरवर आणली. समास धरून २०.९४ झाले. प्रीव्ह्यू उघडला. एकही कोरे पान नव्हते.

अण्णांनी सुटकेचा श्वास सोडला. “झालं तर मग.”

“नाही अण्णा. कोरी पानं गेली. पण इक्कांचं पान हरवलं त्याची कारणं अजून आत आहेत.”

आणि ती एकेक दोष काढत गेली. एका वेळी एकच बदल, प्रत्येक बदलानंतर प्रीव्ह्यू आणि साध्या कागदावर एक चाचणी. दोन बदल एकदम केले तर कोणत्याने काम झाले ते कळत नाही, आणि बिघडले तर कोणत्याने बिघडले तेही कळत नाही.

ग्राहकाचे नाव आणि रकान्यांचे मथळे गटाच्या शीर्षभागात होते, पण तो भाग पुढच्या पानावर पुन्हा छापण्याची सोय बंद होती. तिने ‘रिपीट सेक्शन’ चालू केले. आता उतारा कितीही पानांचा असो, प्रत्येक पानाला आपला धनी कळत होता. मग तिने प्रत्येक ग्राहकाचा उतारा वेगळा छापण्याची व्यवस्था केली आणि तळाशी पानाचा क्रमांक आणि एकूण पाने घातली. ‘पान १, एकूण २’ असे लिहिलेले असले, की दुसरे पान कुठे आहे हे घेणारा स्वतःच विचारतो. शेवटी तिला आणखी एक गोष्ट दिसली. कराच्या रकान्यासाठी तपशिलाचा रकाना अरुंद केला होता आणि त्या चौकटीला खाली वाढण्याची मुभा नव्हती. त्यामुळे लांब तपशिलाची दुसरी ओळ छापलीच जात नव्हती. ‘परत माल, अमुक बिलापोटी’ यातला बिलाचा क्रमांक कित्येक उताऱ्यांवर गळत होता. चौकटीचा आणि तिच्या विभागाचा ‘कॅन ग्रो’ हा गुण चालू करताच ती ओळ दिसू लागली.

अण्णा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे आकडा बरोबर असून भागत नाही.”

“आकडा आपल्याकडे बरोबर असतो, अण्णा. त्यांच्याकडे फक्त कागद पोचतो. कागदावर जे नाही, ते त्यांच्यासाठी नाहीच.”

अण्णा उठले आणि त्यांनी मुलाला हाक मारली. तो दाराशी येऊन उभा राहिला.

“अरे, आत ये. बस.” तो बसेना. अण्णांनी त्याला खांद्याला धरून बसवले. “चूक तुझी नव्हती. ही खोड माझ्या टेबलावर जन्मली, आणि तिचं मूळ न शोधता मी ती तुझ्या गळ्यात बांधली. महिन्यामागून महिने तू माझी चूक हाताने उपसत होतास. एके दिवशी हात चुकला, तर मी तुलाच बोललो. मला माफ कर.”

मुलाला काय बोलावे सुचेना. एवढेच म्हणाला, “अण्णा, मला वाटायचं, प्रिंटर असाच असतो.”

त्याच दिवशी अण्णा त्याला बरोबर घेऊन इंडस्ट्रियल एरियात गेले. एरवी उतारा घेऊन तो एकटा जाई. इक्कांच्या गॅरेजात गाडीखालून त्यांचा मुलगा बाहेर आला, हात पुसत. अण्णांनी उतारा आधी त्याच्या हातात दिला. दोन पाने होती, दोन्हींवर गॅरेजचे नाव आणि दुसऱ्यावर परत मालाची ओळ बिलाच्या क्रमांकासह. शेवटी बाकी, ११,२००. मुलाने पाने वाचली आणि बापाकडे दिली. इक्कांनी पाने मोजली, खालचे ‘एकूण २’ बोटाने दाखवले आणि चेकबुक आणायला सांगितले.

निघताना अण्णा त्यांना म्हणाले, “आधीच्या महिन्यांचे उतारेही मी पुन्हा छापून पाठवतो. आणखी कुठे काही गळलं असेल तर मला कळायला हवं.” आणि त्यांनी फक्त इक्कांचेच नाही, सगळ्या गिऱ्हाइकांचे उतारे पुन्हा छापून पाठवले. काम वाढले, पण पेढीची पत त्या महिन्यात जितकी वाढली तितकी जाहिरातीने वाढली नसती.

तात्पर्य: दोष लहान असतो तेव्हा तो शोधायला पट्टी आणि थोडा वेळ पुरतो. तो न शोधता त्याच्याभोवती रीत बांधली, तर तो नाहीसा होत नाही. तो रोज कोणाच्या तरी श्रमांतून भरून निघतो, आणि ज्या दिवशी भरून निघत नाही त्या दिवशी आळ सगळ्यात लहान माणसावर जातो.

म्हणून ज्यांच्या हातून छापील अहवाल, बिले, उतारे, निकालपत्रे बाहेर जातात, त्यांना एक सांगणे आहे. पान बिघडले तर आधी पडद्यावर पाहा. तिथेही बिघडलेले असेल तर प्रिंटरला बोल लावू नका. रुंदी आणि दोन्ही समास यांची बेरीज करून ती कागदाच्या मापाशी ताडून पाहा. कागद कुठल्या मापाचा आहे हे गृहीत धरू नका. एका वेळी एकच बदल करा. आणि तुमच्या कार्यालयात एखादा माणूस रोज काही उपसत, पुसत, हाताने दुरुस्त करत बसलेला दिसला, तर त्याला कामाचा वेग वाढवायला सांगण्याआधी एकदा त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, हे काम मुळात निर्माण का होते? त्या प्रश्नाचे उत्तर देणे ही त्याची नाही, तुमची जबाबदारी आहे.